येताना एक व्हेप आण ना

डिसेंबरचं तिकीट काढलं की व्हॉट्सॲपवर फर्माइशी सुरू होतात. चॉकलेटं, परफ्यूम, कुणाच्या तरी मुलाला फुटबॉलचा टीशर्ट, हे ठरलेलं. गेल्या दोन वर्षांपासून त्यात एक नवीन आलंय, व्हेप म्हणजे ई-सिगरेट, "येताना एक व्हेप आण ना, सिगरेट सोडायचीय." मी मूळचा साताऱ्याचा, आता लंडनच्या पश्चिमेला स्लाउमध्ये राहतो, बावीस वर्षं सिगरेट ओढली आणि जानेवारी २०२४ मध्ये व्हेपवर येऊन ती सोडली, हे गावाकडं सगळ्यांना माहितीये, त्यामुळं त्यांना वाटतं हा आणून देणारच.

मी आणत नाही. आणि दरवेळी "कस्टमचा लफडा असतो रे" एवढंच बोलून विषय टाळतो, ते आता बंद करायचं ठरवलंय, कारण मागणारे लोक माझे आहेत, चाळिशीतले आहेत, एकाच्या वडिलांची बायपास झालेली आहे, आणि त्यांना खरंच सोडायचीय. त्यांना नीट कारण सांगितलं पाहिजे.

पहिलं म्हणजे व्हेपमुळं माझी सिगरेट सुटली हे खरं आहे, ते मी नाकारणार नाही. भारतात हा विषय निघाला की दोनच आवाज ऐकू येतात, एक म्हणतो व्हेप म्हणजे नुसती वाफ, काही होत नाही, बिनधास्त ओढ, आणि दुसरा म्हणतो सिगरेटपेक्षा वाईट, त्यापेक्षा सिगरेटच बरी. दोन्ही चूक. सिगरेटमध्ये तंबाखू जळतो आणि जळण्यातूनच टार येतो, कार्बन मोनॉक्साइड येतो, हजारो रसायनं येतात, त्यातली सत्तरच्या आसपास कॅन्सर करणारी. व्हेपमध्ये जळत काही नाही, बॅटरीवर कॉइल तापते आणि निकोटिन मिसळलेल्या लिक्विडची वाफ होते. पब्लिक हेल्थ इंग्लंड या तेव्हाच्या सरकारी आरोग्य संस्थेने २०१५ मध्ये सांगितलं होतं की हे सिगरेटपेक्षा सुमारे ९५ टक्के कमी घातक असावं, त्या आकड्यावर बरेच वाद झाले आणि मी त्या आकड्याला चिकटून बसलेलो नाही, पण बऱ्याच कमी विषारी गोष्टी शरीरात जातात याबद्दल इथल्या डॉक्टरांत फारसा वाद नाही. वीस-तीस वर्षं व्हेप ओढल्यावर काय होतं हे मात्र कुणालाच सांगता येणार नाही, कारण ही वस्तूच नवीन आहे, होन लिक नावाच्या चिनी फार्मासिस्टने २००३ च्या सुमारास ती बनवली, तोही स्वतः सिगरेट ओढणारा आणि त्याचे वडील फुप्फुसाच्या कॅन्सरने गेलेले. म्हणजे मूळ कल्पना ओढणाऱ्याला धुरातून बाहेर काढायची होती. जो कधीच ओढत नाही त्याच्यासाठी यात काहीही नाही, त्यानं हातसुद्धा लावू नये.

आता माझी कशी सुटली ते सांगतो, कारण सगळ्यांना वाटतं मी दुकानात गेलो, एक डिव्हाइस घेतलं आणि झालं.

मी आमच्या भागातल्या स्टॉप स्मोकिंग सेवेत गेलो. छोटी खोली, दोन खुर्च्या, एक सल्लागार बाई. तिनं आधी एक मोबाइलएवढं मशीन हातात दिलं, पंधरा सेकंद श्वास रोखायला लावला आणि मग त्यात हळूहळू फुंकायला सांगितलं. आकडा आला २७. तो फुंकलेल्या हवेतला कार्बन मोनॉक्साइड, न ओढणाऱ्या माणसाचा साधारण पाच-सहाच्या खाली असतो. मला छातीचा एक्स-रे दाखवून कुणी घाबरवलं असतं तर मी घाबरलो नसतो, पण तो २७ मी अजून विसरलो नाही. मग तिनं विचारलं सकाळी उठल्यावर पहिली किती वेळात पेटवता, मी म्हणलं दहा मिनिटांत, चहा व्हायच्या आधी. त्यावरून तिनं ठरवलं की माझं व्यसन जबर आहे, हलक्या ताकदीचं लिक्विड दिलं तर मी तीन दिवसांत परत दुकानात जाईन.

किट दिलं ते लायटरपेक्षा थोडं मोठं, भरता येणारं पॉड, त्यात २ मिली लिक्विड मावतं, आणि १० मिलीच्या बाटल्या, २० मिलिग्रॅमच्या. हे आकडे तिच्या मनाचे नव्हते, ब्रिटनमध्ये २०१६ पासून कायदाच आहे, एका मिलीत २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त निकोटिन चालत नाही, टाकी २ मिलीपेक्षा मोठी चालत नाही, बाटली १० मिलीपेक्षा मोठी चालत नाही. तिनं पॉड कसं भरायचं ते दाखवलं आणि म्हणाली भरल्यावर दहा मिनिटं हात लावू नका, आतला कापूस पूर्ण भिजू दे, नाहीतर पहिल्याच झुरक्याला कापूस जळतो, तोंडात जळक्या चिंधीची चव येते, लोक म्हणतात असलं घाण कोण ओढेल आणि सिगरेटकडं परत जातात. दुसरं म्हणजे सिगरेटसारखा जोरात खेचायचा नाही. आपल्याला सवय असते चुटचुट खेचायची, इथं तीन-चार सेकंद, हळू. मला पहिले चार दिवस ठसका लागायचा, एकदा संध्याकाळी जास्त ओढलं तर डोकं गरगरलं आणि मळमळलं, तो निकोटिनचा डोस जास्त झाला होता. ही सगळी बारीकसारीक गोष्ट मी मुद्दाम सांगतोय, कारण व्हेपवर नवीन येणारा माणूस नेमका इथंच घसरतो आणि त्याला फोन करायला कुणीतरी लागतं. मला होतं, पहिला महिनाभर दर आठवड्याला भेट होती, मग लांब लांब.

आणि तरीही मी घसरलोच. पहिले नऊ दिवस मी दिवसभर व्हेप ओढायचो आणि सकाळची एक सिगरेट चालू ठेवली होती, चहाबरोबरची. माझ्या डोक्यात हिशोब साधा होता, पंधरावरून एकवर आलो म्हणजे चौदा आणे काम झालं. दुसऱ्या भेटीत तिनं तो हिशोब मोडला. २०१८ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये बऱ्याच अभ्यासांचा एकत्र आढावा आला होता, त्यात दिसलं की दिवसाला एकच सिगरेट ओढणाऱ्याला हृदयविकाराचा जो वाढीव धोका असतो तो वीस ओढणाऱ्याच्या वाढीव धोक्याच्या जवळपास निम्मा असतो. विसावा हिस्सा नाही, निम्मा. फुप्फुसाच्या कॅन्सरला किती ओढता याचा हिशोब लागतो, हृदय मात्र तेवढा हिशोब ठेवत नाही. मी त्या दिवशी घरी येऊन पाकीट सिंकमध्ये भिजवून टाकलं. पुढच्या आठवड्यात मशीनवर आकडा आला ३.

सांगायचं हे की "स्विच" या शब्दाला अर्थ तेव्हाच आहे जेव्हा सिगरेट पूर्ण बंद होते. सिगरेट अधिक व्हेप याला स्विच म्हणत नाहीत, ते दोन व्यसनं झाली.

मग व्हेप सुटायला किती वेळ लागला? चौदा महिने. हे कुणी सांगत नाही. इंग्लंडमध्ये ८८६ लोकांवर एक मोठी चाचणी झाली होती, २०१९ मध्ये त्याचे निकाल छापून आले, अर्ध्यांना व्हेप दिला आणि अर्ध्यांना निकोटिनचे गम-पॅच वगैरे, दोघांनाही समुपदेशन. वर्षानंतर व्हेपवाल्यांत १८ टक्के सिगरेटमुक्त होते आणि गम-पॅचवाल्यांत ९.९ टक्के. व्हेपचे समर्थक इथवरच सांगून थांबतात. त्याच चाचणीत पुढे असंही आहे की वर्षानं जे सिगरेटमुक्त राहिले त्यातले व्हेपवाले ८० टक्के अजून व्हेप ओढतच होते, आणि गम-पॅचवाल्यांतले फक्त ९ टक्के ते वापरत होते. आणि १८ टक्के म्हणजे सुद्धा शंभरातल्या ब्याऐंशी जणांना जमलं नाही, तेही आठवड्याला भेटणारा माणूस असताना.

का सुटत नाही ते मला ओढताना कळलं. सिगरेटला शेवट असतो. पाच-सात मिनिटांत ती संपते, विझवतो, आत येतो. व्हेपला शेवटच नाही. सोफ्यावर, गाडीत, अंथरुणात, रात्री दोनला जाग आली तरी उशीखाली तो असतो, दोन झुरके, परत झोप. मी सिगरेट ओढत होतो तेव्हा घरात कधी ओढली नव्हती, मुलीसमोर तर कधीच नाही, आणि व्हेप मात्र किचनमध्ये कांदा चिरता चिरता ओढायला लागलो होतो. बायकोनं सांगितलं तेव्हा लक्षात आलं. मग २० वरून १०, १० वरून ५, मग निकोटिन नसलेलं, आणि मार्च २०२५ मध्ये तोही कपाटात गेला.

आता साताऱ्याला, पुण्याला, नाशिकला बसून "एक आण ना" म्हणणाऱ्या मित्राकडं यातलं काय असणार आहे? डिव्हाइस असेल. ते फुंकायचं मशीन नाही, भेटी नाहीत, लिक्विडवर कायद्याची मर्यादा नाही, संपल्यावर भरायला बाटली कायदेशीर मिळणार नाही. मला जे मिळालं त्यातला सगळ्यात कमी महत्त्वाचा भाग त्याच्या हातात देऊन मी काय करू?

शिवाय तो गुन्हा आहे. १८ सप्टेंबर २०१९ ला अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी पत्रकार परिषद घेऊन बंदीचा वटहुकूम जाहीर केला आणि त्याच डिसेंबरमध्ये कायदा झाला. बनवणं, आयात, निर्यात, वाहतूक, विक्री, वाटप, जाहिरात, सगळ्याला बंदी, पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही, पुन्हा सापडला तर तीन वर्षं आणि पाच लाखांपर्यंत. साठा केला तर सहा महिने किंवा पन्नास हजार किंवा दोन्ही. दुबईहून, लंडनहून बॅगेत घालून आणणं ही आयातच झाली. मित्रांना वाटतं एका पिसाला कोण विचारतंय, आणि कदाचित नाहीच विचारणार, पण माझ्या मुलीच्या समोर विमानतळावर बॅग उघडायला लागावी असं मला वाटत नाही.

यावर लगेच उत्तर येतं, "नको आणू, इथं पण मिळतो." मिळतो, मला माहितीये, आणि तेच जास्त काळजीचं आहे. माझा कॉलेजचा रूममेट, पुण्यात आयटीमध्ये आहे, त्यानं पानाच्या दुकानातून काउंटरखालून घेतलेल्या एका डिस्पोजेबलचा, म्हणजे वापरून फेकायच्या व्हेपचा, फोटो पाठवला. गुलाबी डबी, वर टरबुजाचं चित्र, आणि कोपऱ्यात ५ टक्के. तो म्हणाला पाचच टक्के आहे, माइल्ड आहे. मी त्याला फोनच केला. पाच टक्के म्हणजे एका मिलीत ५० मिलिग्रॅम. मला बावीस वर्षांच्या व्यसनाला इथं जास्तीत जास्त २० मिळालं होतं, हा अडीच पट. तेही डबीवर छापलेलं खरं धरलं तर, कारण बंदी असलेल्या वस्तूची तपासणी कोण करणार, बॅच नंबर कुणाकडं मागणार, आत काय आहे हे विकणाऱ्यालाही माहिती नाही. २०१९-२० मध्ये अमेरिकेत जे झालं ते आठवून बघा, फेब्रुवारी २०२० पर्यंत २८०७ लोक हॉस्पिटलमध्ये गेले किंवा दगावले, त्यातले ६८ जण दगावले, फुप्फुसं निकामी झाली. कारण सापडलं ते मुख्यतः गांजाच्या अर्काच्या व्हेपमध्ये मिसळलेलं व्हिटॅमिन ई ॲसिटेट, आणि तो माल बराचसा दुकानातला नव्हता, या-त्याच्याकडून घेतलेला होता. साध्या निकोटिनच्या व्हेपला तो दोष सरसकट लावणं बरोबर नाही, पण आत काय आहे हे माहीत नसलेली वाफ छातीत घेण्याचा धोका काय असतो ते त्यातून दिसलं.

रूममेटचं पुढं काय झालं ते ऐका. आधी दिवसाला बारा सिगरेट होत्या. व्हेप आल्यावर आठ झाल्या, खुश होता. महिन्याभरात परत बारा. फक्त आता बारा सिगरेटच्या मध्ये व्हेप, मीटिंगच्या आधी, टॉयलेटमध्ये, गाडीत सिग्नलला. वास येत नाही म्हणून कुणाला कळत नाही, आणि कुणाला कळत नाही म्हणून थांबायला कारण नाही. त्याला दोष देत नाही मी, त्याच्या जागी मी असतो तर माझंही हेच झालं असतं, माझ्या त्या नऊ दिवसांचे नऊशे झाले असते.

आता सरकारबद्दल बोलतो. बंदी पूर्ण चुकीची होती असं मी म्हणणार नाही. ज्या वर्षी बंदी आली त्याच वर्षी अमेरिकेत हायस्कूलच्या २७.५ टक्के मुलांनी सांगितलं होतं की गेल्या महिन्याभरात आम्ही व्हेप ओढला. चारातला एक. आणि इथं ब्रिटनमध्ये मी ज्या वस्तूनं सुटलो तीच वस्तू माझ्या मुलीच्या शाळेच्या गेटबाहेर कचऱ्यात रंगीबेरंगी पडलेली मी पाहिलीये, शेवटी जून २०२५ पासून डिस्पोजेबलवर इथंही बंदी घालावी लागली. आपल्याकडं पानटपरीवर शाळेच्या पोरांना काय काय मिळतं ते बघता, टरबुजाच्या चवीचा व्हेप खुला सोडला असता तर काय झालं असतं याची कल्पना करवत नाही. पोरांना वाचवायचं होतं तर ठीक, मी त्या बाजूनं आहे.

पण मग चाळिशीतल्या ओढणाऱ्याचं काय केलं? त्याचा एक मार्ग बंद केला आणि सिगरेट जिथं होती तिथंच ठेवली. कमी घातक वस्तूला बंदी आणि जास्त घातक वस्तू दर चौकात, आणि देशातल्या सगळ्यात मोठ्या सिगरेट कंपनीत एलआयसीचे मोठे शेअर. एक दार लावलं तर दुसरं उघडायची जबाबदारी दार लावणाऱ्याची असते, आणि मला राग येतो तो इथं येतो.

सुट्ट्या सिगरेटचंच घ्या. महाराष्ट्र सरकारनं सप्टेंबर २०२० मध्ये सुट्टी सिगरेट आणि विडी विकायला बंदी घातली. चांगला निर्णय होता. आज कुठल्याही टपरीवर जा, चहा सांगा आणि एक सुट्टी मागा, दोरीला लायटर पण बांधलेला असतो. यात नुसतं बंदी मोडणं एवढंच नाही. पाकिटाच्या ८५ टक्के भागावर ते भयानक चित्र आणि इशारा असतो, आणि सप्टेंबर २०१८ पासून त्यावर एक नंबर छापलेला असतो, १८००-११२-३५६, सोडायचं असेल तर फुकट फोन करा म्हणून. जो माणूस सुट्टी घेतो त्याच्या हातात पाकीट येतच नाही. मी पंधरा वर्षं भारतात ओढली, त्यातली निम्मी वर्षं सुट्टी, आजही तसाच ओढणारा कॉलेजचा पोरगा घ्या, हमाल घ्या, रिक्षावाला घ्या, ज्यांना मदतीची सगळ्यात जास्त गरज आहे त्यांना तो नंबर कधी दिसतच नाही. टपरीच्या पत्र्यावर सिगरेटच्या भावाचा बोर्ड रंगवतात ना, तिथं हा नंबर रंगवणं सक्तीचं करायला काय खर्च येतो?

दुसरं निकोटिन गम. २ मिलिग्रॅमचा गम आपल्याकडं चिठ्ठीशिवाय मिळतो, ४ मिलिग्रॅमला डॉक्टरची चिठ्ठी लागते. आता बघा, जो उठल्या उठल्या अर्ध्या तासात पेटवतो, म्हणजे ज्याचं व्यसन जबर, त्याच्यासाठी ४ चा सांगतात. म्हणजे ज्याला सगळ्यात जास्त गरज त्यालाच चिठ्ठी, आणि सिगरेटला मात्र काहीच नाही, पैसे द्या आणि पेटवा. २०२२ च्या राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीत निकोटिनची ही उपचारपद्धती घातली गेली, म्हणजे तत्त्वतः सरकारला मान्य आहे की हे औषध आहे, चैन नाही. मग ते तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात बीपीच्या गोळीसारखं फुकट मिळालं पाहिजे, आणि तिथल्या सिस्टरकडं ते फुंकायचं मशीन पाहिजे. तो आकडा माणसाला स्वतःच्या डोळ्यांनी बघू द्या, शंभर पोस्टरांनी होणार नाही ते काम होतं.

आणि एक गोष्ट मला इथं राहून लक्षात आली, तिकडं असताना आली नव्हती. आपण व्हेप का सिगरेट म्हणून भांडतोय ते महाराष्ट्राच्या प्रश्नाचा एक कोपरा आहे. २०१६-१७ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात महाराष्ट्रातले २६.६ टक्के प्रौढ कुठल्या ना कुठल्या रूपात तंबाखू घेत होते, पण धूर काढणारे फक्त ३.८ टक्के, आणि तोंडात धरणारे २४.४ टक्के. बायकांमध्ये १६.६ टक्के. माझी आत्या पहाटे चुलीपाशी बसून तव्यावर तंबाखू भाजायची, काळी मशेरी डबीत भरून ठेवायची आणि दिवसातनं तीन वेळा दाताला लावायची, तिला कधी कुणी व्यसनी म्हणलं नाही, तिनं स्वतःही नाही. गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे आणि त्याचं काय झालं ते सगळे बघतायत. हातावर तंबाखू-चुना मळणाऱ्याला व्हेपचा काही उपयोग नाही, त्याची तलफ तोंडातली आहे. त्याला उपयोग होऊ शकतो गमचा, समुपदेशनाचा, म्हणजे त्याच गोष्टींचा ज्यांची सोय झालेली नाही. व्हेप उद्या कायदेशीर झाला तरी त्या चोवीस टक्क्यांना काही फरक पडत नाही, म्हणून व्हेप खुला करा ही मागणी माझ्या यादीत पहिली नाही, पाचवीसुद्धा नाही.

मित्रांनो, तुम्ही म्हणाल तुझी सुटली व्हेपनं आणि आम्हाला गम चघळायला सांगतोस. हो, सांगतोय. तिकडं मिळणाऱ्या गोष्टींत जी तपासलेली आहे, कायदेशीर आहे आणि जिच्यातून बाहेर पडणं सोपं आहे ती ही आहे. फक्त नीट वापरा. गम हा च्युइंगम नाही. बहुतेक लोक कचाकचा चावतात, निकोटिन लाळेबरोबर पोटात जातं, उचक्या लागतात, छातीत जळजळतं आणि मग पाकीट कचऱ्यात. हळू चावायचा, तिखटसर चव आली, झिणझिण्या आल्या की गालात दाबून ठेवायचा, चव गेली की परत दोन-चार वेळा चावायचा, असं अर्धा तास. आणि आधी पंधरा मिनिटं चहा-कॉफी काही नाही, कारण तोंड आंबट झालं की निकोटिन नीट शोषलं जात नाही. सकाळच्या चहाबरोबर गम तोंडात टाकणारा माणूस नंतर म्हणतो फरकच पडला नाही, तो यामुळं. बीपी असेल, हृदयाचा त्रास असेल, घरात कुणी गरोदर असून तंबाखू घेत असेल तर आधी डॉक्टरला विचारा.

आणि तो पाकिटावरचा नंबर लावा. दिल्लीहून चालतो, मुंबईच्या टाटा हॉस्पिटलमध्येही त्याचं केंद्र आहे, मराठीत बोलता येतं.

रूममेटनं लावला. दिवाळीनंतरचा सोमवार त्यानं सोडायचा दिवस म्हणून ठरवला, गुलाबी डबी आणि पाकीट दोन्ही त्याच दिवशी बंद, हे मी त्याच्याकडून कबूल करून घेतलं होतं. गम कसा धरायचा ते व्हिडिओ कॉलवर शिकवलं, पहिल्या दिवशी त्यालाही उचक्या लागल्याच. मध्ये एका लग्नात दोन ओढल्या, रात्री फोन करून स्वतःच सांगितलं, त्या नंबरवरच्या समुपदेशकानंही पुढच्या फोनवर ओरडा न करता विचारलं की त्या वेळी आजूबाजूला कोण होतं आणि हातात काय होतं. सगळ्यात अवघड जाते ती सकाळी अकराची. ऑफिसची सगळी मंडळी खाली टपरीवर उतरतात तेव्हाची. तिकडचे अकरा म्हणजे इकडं पहाटेचे साडेपाच, मी तेव्हा तसाही उठलेला असतो, मी त्याला फोन लावतो आणि तो चहाचा कप घेऊन टपरीच्या दुसऱ्या बाजूला, पार्किंगच्या भिंतीपाशी जातो. काही विशेष बोलत नाही आम्ही, पोरांच्या परीक्षा, पाऊस, कुणाची बदली. सात-आठ मिनिटं लागतात. तोपर्यंत वर जायची वेळ झालेली असते.